वाचनालयातल्या ११ संगणकांवर लिनक्स घालावं का?

प्रश्न तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांचा आहे. वाचनालयात ११ संगणक आहेत: अभ्यासिकेत ८, देवघेवीच्या टेबलावर १, हिशेबाला १ आणि कार्यवाहांच्या खोलीत १. सगळे २०१६-१७ साली घेतलेले, सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, आणि सगळ्यांवर विंडोज १०. दुकानदार म्हणतो, सगळे बदला. अभ्यासिकेत येणारा एक मुलगा म्हणतो, सगळ्यांवर लिनक्स घाला, फुकट आहे. कार्यवाह विचारतात, लिनक्ससारख्या या मुक्त स्रोत, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या आणि मूळ कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रणालींचं खरं बळ कशात आहे आणि त्या कुठे कमी पडतात?

मी वीसेक वर्षं शाळा, पतसंस्था, वाचनालयं आणि लहान कचेऱ्यांचे संगणक सांभाळतो आहे. आधी माझं उत्तर सांगतो, कारणं मागून. अभ्यासिकेतले ८ आणि देवघेवीचा १, अशा ९ मशीनवर निर्धास्त लिनक्स घाला. हिशेबाच्या मशीनवर घालू नका. तुमच्या खोलीतलं मशीन तूर्त आहे तसं राहू द्या, फक्त त्याचं इंटरनेट काढा. त्यात काय अडकलं आहे ते पुढे येईलच.

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. तुमची मशीनं तिथेच बाद होतात. आडमार्गाने ११ घालून देणारे लोक आहेत, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, तेव्हा संस्थेच्या मशीनवर तो उद्योग नको. मशीन चांगलं चालत असताना ते भंगारात काढायचं का, हा निर्णय मालकाच्या हातात राहतो, हे मुक्त स्रोत प्रणालीचं पहिलं बळ. लिनक्सची वेगवेगळी तयार रूपं असतात, त्यांना वितरणं म्हणतात. त्यांतल्या लिनक्स मिंटची २२ ही मालिका उबंटू या दुसऱ्या वितरणाच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. तुमचा आय-थ्री तिला सहज पेलतो. त्यानंतरही नवी आवृत्ती घालता येईल, पैसे न देता.

पण इथेच त्या मुलाचं म्हणणं थोडं दुरुस्त करतो. लिनक्स घातलं की जुनं मशीन पळायला लागतं, हे अर्धंच खरं आहे. मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती स्वतः कमी रॅम खाते, हे बरोबर. मात्र मुलांनी ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले, त्यात दोन व्हिडिओ लावले, की ४ जीबी संपली. ब्राउझर विंडोजवर जेवढा खातो, जवळपास तेवढाच इथेही खातो. तुमच्या मशीनना खरा जीव येईल तो जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवल्यावर, आणि रॅम ८ जीबी केल्यावर. खर्चाचा ठराव मांडाल तेव्हा या दोन वस्तू त्यात धराच. प्रणाली फुकट असली तरी बदलाला पैसा लागतो, हे समितीला पहिल्याच बैठकीत सांगितलेलं बरं.

अभ्यासिकेबद्दल जास्त सांगतो, कारण तिथे लिनक्सइतकं चपखल बसणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं मशीनवर काय करतात? अर्ज भरतात, फोटो आणि सही अमुक केबीच्या आत बसवतात, प्रश्नपत्रिका उतरवून घेतात, व्याख्यानं बघतात. हे सगळं फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये होतं. अशा सामाईक मशीनचा मोठा धोका म्हणजे मागे राहणारी माहिती. एकाचं गुगल खातं उघडंच राहतं, दुसऱ्याचं आधार कार्ड 'डाउनलोड्स'मध्ये पडून असतं. मिंटच्या लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये पाहुणा म्हणजे गेस्ट सत्र चालू करायची सोय आहे. मुलगा पासवर्डशिवाय आत येतो, काम करतो, आणि बाहेर पडला की त्या सत्रातलं सगळं पुसलं जातं. पुढचा येतो तो कोऱ्या मशीनवर. एका वाचनालयात ही एक गोष्ट केल्यावर ग्रंथपालबाईंचा रोज संध्याकाळचा साफसफाईचा अर्धा तास वाचला.

दुसरं, पेन ड्राइव्ह. फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागतात, तो व्हायरस तुमच्या गावातल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याला ठाऊक असेल. तो विंडोजसाठी लिहिलेला आहे, लिनक्सवर चालत नाही. मात्र मुलाच्या पेन ड्राइव्हवर तो तसाच बसून राहतो आणि घरच्या मशीनवर जातो, हेही मुलांना सांगून ठेवा.

सुरक्षेचं मुख्य कारण याहून खोल आहे. विंडोजवर आपण दहा ठिकाणांहून दहा सेटअप उतरवून घेतो, त्यातले निम्मे कुणी बनवले ते कळत नाही. लिनक्सवर प्रत्येक वितरणाचं स्वतःचं कोठार असतं. ब्राउझर, ऑफिस, पीडीएफ वाचक, सगळं तिथूनच येतं, वितरणाची डिजिटल सही तपासून येतं, आणि एकाच अपडेटमध्ये सगळ्याची दुरुस्ती होते. इथे कुणी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मागत नाही, कारण मागायची गरजच उरत नाही. संस्थेच्या मशीनवर चोरीचं काही नाही, हे मला नैतिक दृष्ट्याही महत्त्वाचं वाटतं. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या जागेत ते तसंच असायला हवं.

पण 'उघडं आहे म्हणून सुरक्षित आहे' असं मी कुणाला सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये काय झालं ते ऐका. एक्सझेड नावाची, फायली आवळून लहान करणारी एक साधी आज्ञावली जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. ती सांभाळणारा माणूस एकटा, विनामोबदला काम करणारा, थकलेला. एका अनोळखी व्यक्तीने दोनेक वर्षं मदतीचा हात देत त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारा, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता. दूरच्या मशीनवर लॉगिन करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधत तो खोल गेला आणि त्याला ते सापडलं. तोवर चोरदरवाजा डेबियन आणि फेडोरा या वितरणांच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचला नव्हता. सगळं उघडं असल्यामुळे एका बाहेरच्या माणसाला ते सापडू शकलं. आणि सगळ्या जगाचं ओझं एका बिनपगारी माणसाच्या खांद्यावर होतं, म्हणून ते घुसूही शकलं. तुमच्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच: स्थिर, दीर्घ आधाराची आवृत्ती घ्या. तो मुलगा दर आठवड्याला बदलणारी एखादी प्रणाली सुचवत असेल तर ती त्याने घरी वापरावी, तुमच्या अभ्यासिकेत नको.

त्या एकट्या माणसाची गोष्ट डेस्कटॉपवर वेगळ्या रूपात दिसते. लिनक्सला मालक नाही. मालक नाही म्हणून तुम्हाला कुणी अडवत नाही, जुनं मशीन बाद करत नाही, परवान्याचे पैसे मागत नाही. आणि मालक नाही म्हणूनच, काही बिघडलं तर दार ठोठवायला जागा नाही. माझ्या अनुभवात छपाईइतकं हे कुठेच जाणवत नाही. एका पतसंस्थेत मी सहा मशीनवर लिनक्स घातलं, सगळं झकास चाललं. मग लेझर प्रिंटरची पाळी आली. कंपनीने लिनक्ससाठी एकदाच कधीतरी ड्रायव्हर काढला होता, तोही जुन्या ३२-बिट पद्धतीचा. एक पान निघायचं, दुसरं अडकायचं, आणि अपडेट झालं की पुन्हा सगळं बंद. दोन दिवस गेले. खातेदार रांगेत उभे असताना कारकुनाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही. शेवटी प्रिंटर एका विंडोज मशीनला जोडून दिला. त्यानंतर मी कुठेही काही घालण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करतो, मशीनमधल्या डिस्कला हात न लावता. प्रिंटरवर तीन पानं काढतो, स्कॅनर चालवतो, वाय-फाय, आवाज, कॅमेरा बघतो, मशीन झोपवून परत उठवतो. यातलं काही अडलं तर तिथेच थांबतो. गेल्या काही वर्षांतले नेटवर्कवरचे प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवायच चालतात, अडचण जुन्या यूएसबीच्या प्रिंटरची आहे. तुमच्याकडे नेमके तेच असण्याचा संभव जास्त.

हिशेबाच्या मशीनला नको म्हणालो, त्याचं कारण टॅली. टॅली प्राइम विंडोजसाठीच आहे. वाइन नावाच्या सोयीने ते लिनक्सवर चालवून दाखवणारे आहेत, आणि वाइन हे १९९३ पासून चालू असलेलं, फार कष्टाचं काम आहे. पण मार्च अखेरीला ऑडिटर समोर बसलेला असताना 'वाइनमध्ये हे बटण चालत नाही' असं म्हणायची वेळ कुणावर येऊ नये. शिवाय डिजिटल सहीचं टोकन आहे. सरकारी संकेतस्थळांवर त्या टोकनने सही करायला जी छोटी साधनं लागतात, त्यांतली बरीच विंडोज गृहीत धरून बनवलेली असतात. सीए पाठवतात त्या एक्सेल फाइलीत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतात, तेही लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस या ऑफिस संचात धड चालतीलच असं नाही. या एका जागेसाठी विंडोज ११ चं नवं मशीन घ्या. तो खर्च योग्य आहे. एका मशीनसाठी मी हा खर्च सुचवतो म्हणून बाकीच्या नऊबद्दलचं माझं म्हणणं पातळ होत नाही.

एकाच मशीनवर दोन्ही प्रणाली ठेवू का, असं पुढे कुणी तरी विचारेलच. संस्थेत नको. लिनक्स घड्याळ जागतिक वेळेप्रमाणे लिहून ठेवतं, विंडोज तेच स्थानिक वेळ समजून वाचतं, आणि मग विंडोजमध्ये गेलं की घड्याळ अनेकदा साडेपाच तास मागे दिसतं. घड्याळ चुकलं की कधी बँकेचं संकेतस्थळही अडतं. हे सोपं उदाहरण झालं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मशीन लिनक्स दाखवेनासं होतं, तेव्हा गावात ते दुरुस्त करणारा लगेच सापडत नाही.

आता देवघेवीचं टेबल. इथे मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती वाचनालयाचीच आहे. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालय संस्थेची पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारी जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखा पेलू शकणार नव्हती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी स्वतःसाठी एक बनवून घेतली आणि सगळ्या जगासाठी खुली केली. तिचं नाव कोहा, माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट, देणगी. आज भारतातही कितीतरी ग्रंथालयं तीच वापरतात. कोहा एका मशीनवर, डेबियन किंवा उबंटूवर बसवावं लागतं, आणि टेबलावरच्या मशीनला फक्त ब्राउझर पुरतो. लगेच कोहा घ्या असं म्हणत नाही, ते बसवायला आणि राखायला जाणता माणूस लागतो. पण टेबलावर लिनक्स ठेवलं तर उद्या तो रस्ता मोकळा राहतो.

आणि आता तुमच्या खोलीतलं मशीन. माझा अंदाज असा की वाचनालयाचं दाखल रजिस्टर कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी आधीच्या संगणकावर टाइप केलेलं, ते आता यावर आहे, आणि तेही जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये 'क'च्या जागी आतमध्ये एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. फॉन्ट गेला की मजकुराचा कचरा दिसतो. प्रणाली बदलण्याशी याचा तसा संबंध नाही, विंडोज ११ वरही हाच प्रश्न येईल. पण लिनक्सवर गेल्यावर तो पहिल्याच दिवशी समोर येतो आणि दोष लिनक्सवर पडतो. म्हणून आधी तो मजकूर युनिकोडमध्ये आणा. त्यासाठीचे परिवर्तक आहेत, मात्र जोडाक्षरं आणि रफार यांत ते चुकतात, माणसाने वाचून तपासावंच लागतं. पुस्तकांच्या नोंदी काही हजार असतील तर सहा महिने धरा. ते झालं की त्या मशीनचा निर्णय दहा मिनिटांत होईल.

मराठीचं लिनक्सवर कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगायलाच हवं. युनिकोड मराठी उत्तम चालते. इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा प्रमाण कीबोर्ड तोच आहे जो विंडोजवर आहे. एकदा शिकलेला हात तसाच चालतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक दाखवणारा ऱ इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबून येतो, आणि पुढे हलन्त आणि य दिलं की जोडाक्षर बरोबर दिसतं. लोहित, नोटो, मुक्ता हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. छापील पानावरून मजकूर ओळखणारं टेसरॅक्ट मराठी वाचतं, जुन्या स्मरणिकांचं काम काढलंत तर त्याचा उपयोग होईल. उणीव आहे ती मेनूच्या भाषांतरात. डेस्कटॉप मराठीत लावला की काही शब्द मराठी, मधेच दोन ओळी इंग्रजी. स्वयंसेवकांनी जेवढं केलं तेवढं झालं, पुढे हात कमी पडले. याचं मला वाईट वाटतं, कारण हे काम करायला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते, चांगली मराठी यावी लागते. सध्या मेनू इंग्रजीत ठेवा आणि टायपिंग मराठीत.

सरकारी टायपिंग परीक्षेचा सराव करणारी मुलं असतील तर त्यांना परीक्षेत असतो तोच कीबोर्ड आराखडा आणि तेच सॉफ्टवेअर मिळालं पाहिजे. त्यांची सोय विंडोजवरच करा. दृष्टिहीन विद्यार्थी येत असतील तरीही तेच सांगेन. लिनक्सवर ऑर्का नावाचा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, आहे, पण विंडोजवरचा एनव्हीडीए माझ्या पाहण्यात जास्त पुढे आहे, आणि तो स्वतः मुक्त स्रोत आहे, फुकट आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपची पडदा रंगवण्याची जुनी एक्स-११ पद्धत जाऊन वेलँड येते आहे. त्या बदलात पडदावाचकांची बरीच कामं मागे राहिली. ज्याला पडदा दिसत नाही त्याला 'पुढच्या आवृत्तीत होईल' असं सांगणं मला पटत नाही.

निवडीचा गोंधळ हीसुद्धा मोठी उणीव. शेकडो वितरणं, त्यावर डेस्कटॉपचे प्रकार, सॉफ्टवेअर बसवायच्या चार पद्धती: डेब, फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज. माहीतगारांमध्ये यावरून वाद चालतात आणि नवा माणूस घाबरतो. तुम्ही यात पडू नका. नऊही मशीनवर एकच प्रणाली, एकच आवृत्ती, मिंट एक्सएफसीई. फ्रीबीएसडी, हायकू यांचीही नावं कानावर येतील. त्या चांगल्या प्रणाली आहेत, पण त्या सांभाळणारा माणूस तुम्हाला जिल्ह्यात मिळणं कठीण.

कारण सगळं शेवटी त्या माणसावर येतं. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत १५,००० च्या आसपास मशीनं बदलली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. केरळच्या सरकारी शाळांनी मात्र हे टिकवलं. २०१९ च्या सुमारास तिथे दोन लाखांहून अधिक संगणक मुक्त प्रणालीवर होते. तांत्रिक वस्तू दोन्हीकडे साधारण एकच. केरळात 'काइट' या संस्थेने शाळांसाठी स्वतःचं वितरण बनवलं, हजारो शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्यावर लिहिली आणि दहावीची संगणकाची परीक्षाही त्यावरच घेतली. म्युनिकमध्ये सत्तेतली माणसं बदलली तसा पाठिंबा गेला, आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारींचं खापर, त्या मूळ कुठल्याही असोत, लिनक्सवर फुटत राहिलं.

म्हणून मी तुम्हाला उलट विचारतो: तुमच्या वाचनालयात माणूस कोण? तो अभ्यासिकेतला मुलगा हुशार आहे, पण परीक्षा पास झाला की जाईल, आणि त्याने जावंच. ग्रंथपाल किंवा तुमच्या कर्मचाऱ्यांपैकी एकाला तयार करा. त्यांना पाच गोष्टी आल्या की पुरे: अपडेट करणं, टाइमशिफ्टने आधीची स्थिती परत आणणं, प्रिंटर जोडणं, पाहुणा सत्र तपासणं, आणि पेन ड्राइव्हवरून पुन्हा नवी प्रणाली घालणं. शेवटची गोष्ट त्यांच्याकडून माझ्यासमोर दोनदा करून घेईन.

कामाला सुरुवात एका मशीनपासून करा, सगळ्यात कोपऱ्यातल्या. महिनाभर मुलांना वापरू द्या, शेजारी एक वही ठेवा, ज्याला जे अडेल ते त्याने लिहावं. महिन्याने ती वही मला पाठवा. वहीत प्रिंटर आणि टायपिंगखेरीज काही मोठं नसेल तर उरलेली सात आणि टेबलावरचं, अशी आठ मशीनं एका रविवारी होतील. निघालेल्या जुन्या हार्ड डिस्क विकू नका. प्रत्येकीवर मशीनचा क्रमांक आणि तारीख चिकटवून वर्षभर कपाटात ठेवा. कुणाची तरी एखादी फाइल त्यात निघतेच.